सत्या, वास्तव की मुळशी पॅटर्न : एकच बघायचा असेल तर?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. त्याच्या होस्टेलवरची पोरं मुळशी पॅटर्नखेरीज दुसरं नाव घेत नाहीत. त्याच्या बाबांना वास्तवपुढे सगळं फिकं वाटतं. आणि मी सत्याचंच नाव घेणार, हे त्याला आधीच ठाऊक. म्हणाला, "मामा, तीनही बघायला वेळ नाही. एकच सांग."

त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. या तिन्ही सिनेमांवर घरोघरी वाद झालेत, आणि जो तो आपल्या आवडत्या सिनेमासाठी तावातावानं भांडतो. तिघांचा विषय म्हटला तर एकच. गल्लीतला पोरगा, हातात आधी काठी किंवा कोयता, मग घोडा म्हणजे पिस्तूल, मग चार पोरं मागे, मग 'भाई' ही हाक. पण हा पोरगा येतो कुठून, या प्रश्नाचं उत्तर तिघांत तीन तऱ्हांनी मिळतं. निवड करायची तर त्यावरून करावी, असं माझं मत आहे. मारामारी कुणाची भारी, डायलॉग कुणाचे भारी, यावरून केली तर फसायला होतं.

सत्या 3 जुलै 1998 ला आला. दिग्दर्शक रामगोपाल वर्मा, लेखन सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांचं. यातला सत्या मुंबईत उतरतो तेव्हा त्याला गाव नाही, आईबाप नाहीत, मागचं काहीच नाही, आणि सिनेमा शेवटपर्यंत ते सांगत नाही. बारमध्ये काम करतो, हफ्ता मागणाऱ्यापुढे वाकत नाही, त्यातून तुरुंगात जातो आणि तिथे त्याला भिकू म्हात्रे भेटतो. प्रेक्षकांचा पहिला वाद इथूनच सुरू होतो. बरेच जण म्हणतात की नाव सत्याचं, सिनेमा मात्र भिकूचा. सत्या झालेल्या जे. डी. चक्रवर्तीचा चेहरा हलत नाही, भिकू झालेला मनोज बाजपेयी मात्र समुद्रकाठच्या खडकावर उभा राहून ओरडतो आणि सगळा सिनेमा खिशात घालतो. बाजपेयीला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, तेव्हा या म्हणण्यात तथ्य आहेच. पण मी पाचव्या-सहाव्यांदा बघताना मला त्या दगडी चेहऱ्याची गरज कळली. सत्या गप्प बसतो म्हणून आपण बाकीच्यांकडे नीट बघतो. तोही भिकूइतकाच उसळता असता तर टोळीतली इतर माणसं दिसलीच नसती.

आणि ती माणसं हेच तर सत्याचं खरं वैभव. सौरभ शुक्लाचा कल्लू मामा, संजय मिश्राचा विठ्ठल मांजरेकर, मकरंद देशपांडेचा वकील मुळे. ही मंडळी एका खोलीत बसून पितात, पैशांवरून कुरकुरतात, एकमेकांची टर उडवतात आणि मधेच उठून कुणाचा तरी जीव घेऊन येतात. शेफाली शहाची प्यारी हे तर मराठी घरात सहज सापडेल असं माणूस. बाहेर ज्याला अख्खा एरिया टरकतो, तो भिकू घरात बायकोची बोलणी खातो, तोही तिच्यावर ओरडतो, आणि पुढच्या क्षणी दोघं हसतात. मराठी आडनावाचा, मराठी घरातला गुंड हिंदी पडद्यावर विनोदाचा किंवा तिरस्काराचा विषय न होता असा धडधडीत जिवंत माणूस म्हणून दिसला, याचं अप्रूप मला अजून वाटतं.

एक प्रसंग जवळून सांगतो. सत्या आणि ऊर्मिला मातोंडकरची विद्या सिनेमा बघायला गेलेत. ती शेजारच्या खोलीत राहणारी, गाणं शिकलेली मुलगी, तो काय करतो हे तिला माहीत नाही. थिएटरला पोलिसांनी वेढा घातलाय, दारं बंद केलीत, एकेकाला तपासून बाहेर सोडतायत. रांग पुढे सरकते तसा सत्या आजूबाजूला बघतो आणि गर्दी उसळावी म्हणून एक गोळी झाडतो. पुढचं सगळं गर्दी करते. दार उघडतं तेव्हा माणसं पायांखाली चिरडून मेलेली असतात, विद्या वाचलेली असते. या माणसावर आपण तासभर जीव लावून बसलो होतो, हे त्या क्षणी अंगावर येतं. सिनेमा त्यावर एक वाक्यही बोलत नाही.

सत्यावरचा आक्षेप मला मान्य आहे तो एवढाच, की विद्या-सत्याच्या प्रेमात मधली वीसेक मिनिटं सैल पडतात. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजचं संगीत असूनही प्रेमगीतं कथेला थांबवतात. तरी तो धागा काढून टाकला तर शेवट उभाच राहणार नाही.

वास्तव पुढच्या वर्षी, 7 ऑक्टोबर 1999 ला आला. महेश मांजरेकरांचा. इथे पोरगा येतो चाळीतून, आणि चाळ म्हणजे भरलेलं घर. शिवाजी साटम वडील, रीमा लागू आई, मोहनीश बहल भाऊ. संजय दत्तचा रघू बेकार आहे, मित्रांच्या सोबतीनं पावभाजीची गाडी टाकतो. गाडी चालायला लागते, तिथे खायला येणारे गुंड उर्मटपणा करतात, हाणामारी होते आणि रघूच्या हातून एकाचा जीव जातो. सगळं एका संध्याकाळी. या सिनेमाचे चाहते सांगतात ते खरंच आहे. रघूनं ठरवून काहीच केलेलं नाही, आणि म्हणून त्याच्या घरच्यांइतकेच आपणही असहाय होतो.

सत्यात पैसा कुठे जातो ते फारसं दिसत नाही, इथे तो गळ्यात दिसतो. रघू आईला गळ्यातली साखळी दाखवतो. पन्नास तोळे म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त सोनं. चाळीतल्या बाईनं आयुष्यभर ग्रॅमावर मोजलेली वस्तू पोरगा किलोच्या हिशेबात गळ्यात घालून आलाय, आणि आईला आनंद होत नाही. हा प्रसंग लोक नकला करून करून गुळगुळीत करून बसलेत. तरी पुन्हा बघाल तेव्हा पोराकडे बघू नका, रीमा लागूंच्या डोळ्यांकडे बघा.

वास्तवला नावं ठेवणारे म्हणतात की फार रडारड आहे, पार्श्वसंगीत कानात कोंबल्यासारखं वाजतं, आणि संजय दत्त तेव्हा चाळिशीचा होता, तो बेकार पोरगा कसला. हेही खोटं नाही. खऱ्या आयुष्यात रीमा लागू संजय दत्तपेक्षा जेमतेम एक वर्षानं मोठ्या. पण पहिल्या अर्ध्या तासानंतर हे मनात येईनासं होतं, ही त्या दोघांची कमाई. रघूचा मित्र डेढ फुट्या झालेला संजय नार्वेकर मराठी रंगभूमीवरून आलेला. 'ऑल द बेस्ट' नाटकातल्या त्या हसऱ्या पोरानं इथे अंगावर काटा आणला. माझी आई वास्तव कधीही लावला तरी बघते आणि शेवट यायच्या आत स्वयंपाकघरात निघून जाते. सिनेमा सुरू होतो तोच समुद्रकाठी रघूच्या वर्षश्राद्धापासून, त्यामुळे त्याचं मरण लपवलेलं नाही. ते कसं येतं, हे तिला पाहवत नाही.

(याच मांजरेकरांचा 2010 चा लालबाग परळही यादीत धरायला हरकत नाही. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून केलेला. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरांत अंधार आला, त्यातून पोरं कशी गुंडगिरीत ओढली गेली, ते यात आहे. सिद्धार्थ जाधवचा स्पीडब्रेकर बघून तुम्हाला त्याच्या विनोदी भूमिका आठवणार नाहीत. ज्यांना कारणमीमांसा हवी त्यांनी वास्तवऐवजी हा बघितला तरी चालेल.)

आता मुळशी पॅटर्न. 23 नोव्हेंबर 2018, लेखक-दिग्दर्शक प्रवीण तरडे. इथे पोरगा येतो विकलेल्या जमिनीतून. सखाराम नावाचा शेतकरी जमीन विकतो, पैसा उडतो, मग विकलेल्या रानावर पहारेकऱ्याची नोकरी, तीही जाते, आणि कुटुंब पुण्याच्या मार्केट यार्डात हमालीला येतं. मुलगा राहुल्या, ओम भूतकरनं केलेला, बापाची लाचारी बघत बघत हाताबाहेर जातो. हे गोष्टीपुरतं नाही. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातच आहे. याच तालुक्यात 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून सत्याग्रह केला होता. तेव्हा जमीन हिसकावली जात होती. आमच्या पिढीत ती इसार घेऊन, खरेदीखतावर अंगठा उठवून, राजीखुशीनं दिली गेली.

हे मी लांबून बोलत नाही. पुण्याच्या पश्चिमेला आमच्या चुलत्यांनी रान विकलं तेव्हा मी कॉलेजात होतो. आधी स्कॉर्पिओ आली. ती ठेवायला जागा नव्हती म्हणून गोठ्याशेजारी ताडपत्री टाकून उभी केली, आणि म्हैस रात्रभर बुजून हंबरायची. गुंठामंत्री, म्हणजे गुंठ्यावर जमीन विकून थाट करणारा, म्हणून लोक हसायचे, चुलतेही हसायचे. चार वर्षांत गाडी गेली. म्हैस त्याआधीच गेली होती. मुळशी पॅटर्न थिएटरात बघताना पुढच्या रांगेतली पोरं राहुल्याच्या प्रत्येक एन्ट्रीला शिट्ट्या मारत होती. पण सखाराम झालेले मोहन जोशी रिकाम्या हातानं उभे राहतात, त्या प्रसंगांत सगळं थिएटर चिडीचूप व्हायचं. हेच मोहन जोशी वास्तवमध्ये गुंडांना वापरून घेणारे मंत्री होते. एकोणीस वर्षांनी तेच गुंडाचा बाप होऊन समोर आले, आणि मला ही भूमिका त्या भूमिकेच्या दुप्पट मोठी वाटते.

या सिनेमावरचा वाद सगळ्यात तिखट आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. अनेक पालकांचं म्हणणं, यानं पोरं बिघडली. सिनेमाचे तुकडे कापून स्टेटसला ठेवतात, वाढदिवसाला फ्लेक्सवर भाईसारखे उभे राहतात, केक कोयत्यानं कापतात. दुसरी बाजू म्हणते की यानं शेतकऱ्याला जमीन विकण्याआधी विचार करायला लावला. माझ्या मते दोघंही आपापल्या अर्ध्या सिनेमाबद्दल बोलतात. बापाचा सिनेमा प्रामाणिक आहे, अगदी सातबाऱ्यासारखा कोरडा आणि खरा. मुलाच्या सिनेमात मात्र स्लो मोशन आहे, ठेका धरायला लावणारं गाणं आहे, आणि तिथे कॅमेरा राहुल्याच्या प्रेमात पडतो. सत्यानं हा मोह टाळला होता. उत्तरार्धात उपदेशही वाढतो. उपेंद्र लिमयेचा इन्स्पेक्टर कडू जे नुसत्या नजरेनं सांगू शकतो, ते त्याला भाषणात सांगायला लावलंय.

एक सूचना कळकळीनं करतो. मुळशी पॅटर्नऐवजी त्याचा हिंदी अवतार बघून भागेल असं समजू नका. 2021 चा 'अंतिम' मांजरेकरांनीच केला आणि सचिन खेडेकरांनी बाप चांगला उभा केलाय. पण तिथे सलमान खानचा पोलीस अधिकारी मधोमध आला आणि जमीन कडेला गेली. राहुल्या ज्या मराठीत बोलतो, ती भाषाच अर्धी गोष्ट आहे. 'मॅटर झाला' हे हिंदीत सांगता येतं, पण त्यातला पुणेरी उपनगराचा वास येत नाही.

तर निवड. सिनेमा म्हणून सगळ्यात पक्का कोणता, असं विचाराल तर सत्या, आणि त्यावर मी माघार घेणार नाही. एकट्यानं, रात्री, फोन बाजूला ठेवून बघा, कारण त्यातला जीव बारीकसारीक जागांमध्ये आहे. आईवडिलांसोबत बसायचं असेल तर वास्तव. हिंसा आहे, अमली पदार्थ आहेत, तरी तुमच्या शेजारी बसलेल्या आईला त्यातली आई कळेल. लहान मुलं जागी असतील तर तिन्हींपैकी एकही नको. आणि ज्याच्या घरात जमिनीचा व्यवहार झालाय किंवा होऊ घातलाय, त्यानं त्रुटींसकट मुळशी पॅटर्न आधी बघावा, त्यातही बापाकडे लक्ष ठेवून. मारामारीच बघायची असेल तर यातला एकही मनासारखा निघणार नाही, हेही सांगून ठेवतो.

भाच्याला मी सत्या सांगणार, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. मी मुळशी पॅटर्न सांगितला. तो एकोणीस वर्षांचा आहे, आणि ते रान त्याच्या आजोळचं होतं, जे त्यानं कधी पाहिलंच नाही. रात्री त्यानं लॅपटॉपवर बघितला. सकाळी चहा पिताना माझ्याशी काही बोलला नाही, आईला म्हणाला, "आजी, आपलं रान कितीला गेलं होतं गं?"

आई बशीत कप ठेवता ठेवता थांबली. म्हणाली, "गुंठ्याला किती आले ते नाही आठवत बाळा. बांधावर रामफळ होतं, ते आठवतं."