लॅपटॉप नसतानाही हा लेखनाचा क्लास जमला

आठ आठवड्यांचा हा ऑनलाइन लेखन क्लास मागच्या महिन्यात संपवला, पूर्ण मोबाइलवर. घरी लॅपटॉप नाहीये आणि नोकरीमुळे रोज बार्शी-सोलापूर एसटीनं जाणं-येणं, त्यामुळे जे काय लिहायचं ते बसमध्येच. याआधी एक दुसरा क्लास मी अर्ध्यात सोडलाय. तिथे नोट्स यायच्या त्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, फोनवर उघडलं की नुसती अक्षरांची खिचडी, आणि विचारलं तर म्हणायचे कॉम्प्युटरवर फॉन्ट टाकून बघा. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा.

इथे मॅडमनी पहिल्या आठवड्यात लिहायला दिलंच नाही, आधी सगळ्यांच्या फोनची सेटिंग करून घेतली. जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) मराठी कसं घ्यायचं, बोलून टाइप कसं करायचं, गूगल डॉक्सची फाइल ऑफलाइन कशी ठेवायची (बसमध्ये रेंज जाते तेव्हा हेच कामाला आलं). माझं 'वाऱ्यावर' नेहमी 'वार्यावर' व्हायचं, वाटायचं फोनमध्ये ते अक्षरच नाही. तर तिथे साधा र नाही, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य. इतकी वर्षं फोन वापरतेय, कुणी सांगितलंच नव्हतं!

सगळ्यात जास्त फायदा झाला तो लिहिलेलं सुधारताना. कीबोर्ड उघडला की अर्धी स्क्रीन जाते, वर थोड्याच ओळी उरतात, म्हणजे हजार शब्दांच्या लेखाचा शेवट लिहिताना सुरुवातीला काय म्हटलंय ते डोळ्यासमोर नसतंच, आणि मी एकच मुद्दा दोनदा लिहून बसायचे. मॅडमनी प्रत्येक भागाला तात्पुरतं हेडिंग द्यायला लावलं, मग डॉक्समध्ये आउटलाइन उघडली की लेखाचा सांगाडा एका नजरेत दिसतो आणि टॅप करून हव्या त्या भागावर जाता येतं. शेवटी हेडिंग काढून टाकायची. आणि पाठवायच्या आधी अँड्रॉइडचं सिलेक्ट टू स्पीक लावून फोनकडूनच लेख वाचून घ्यायचा, कानाला खटकलं की थांबायचं. एका लेखात 'त्यामुळे' सात वेळा आलं होतं, ते मला एसटीत हेडफोन लावून ऐकताना कळलं.

दुरुस्त्या पण भरमसाट नाहीत. एका लेखाला तीनच कमेंट, त्या त्या वाक्यावरच टाकलेल्या, बाकीचं व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये. "इथं घाई केलीत तुम्ही" हे त्यांच्या आवाजात ऐकलं की नेमकं काय चुकलं ते समजतं.

एकच गोष्ट खटकली, शनिवारच्या दोन तासांच्या सेशनचं रेकॉर्डिंग फक्त व्हिडिओत मिळतं. दिवसाला दीड जीबीचं पॅक असेल तर ते बघून बाकी काही उरत नाही. नुसत्या ऑडिओची फाइल दिली तर खूप बरं होईल, मॅडमना तसं सांगितलंय, पुढच्या बॅचपासून देते म्हणाल्या. त्या बॅचला माझी वहिनी बसतेय, आणि तिचा फोन तर माझ्याहून जुना आहे.