लाकडी कोड्यांचा डबा, सुताराच्या नजरेतून

साडेसहाशे रुपयांचा हा डबा मी लेकीसाठी मागवला. ती पाचवीत आहे, नवोदयची तयारी करते. त्या पेपरात ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात, आणि नुसत्या गाइडवर तिचं मन लागत नव्हतं. डब्यात पाच खेळ आहेत, सोबत एक पुस्तिका. कुरिअरवाला गावापर्यंत येत नाही, पार्सल वरोऱ्याहून आणावं लागलं, एवढाच त्रास.

मी पिढीजात सुतार. दारं, चौकटी, बंडीची दुरुस्ती, हंगामात वखर-डवरे. त्यामुळे हा अभिप्राय लाकडाच्या अंगानं जास्त आहे. तो तसाच हवा असं मला वाटतं, कारण लाकडी कोड्यात माप चुकलं की कोडंच बिघडतं.

पहिला मान सहा दांड्यांच्या कुलपाला. सारख्या लांबीच्या सहा दांड्या, पाचांच्या मधोमध खाचा, एक मात्र कोरी. ती कोरी दांडी शेवटी सरकवली की सगळा गठ्ठा घट्ट बसतो. खिळा नाही, डिंक नाही. चीनमध्ये अशा कुलपाला लू बानचं नाव आहे. आपण विश्वकर्म्याला मानतो तसं तिकडचे सुतार लू बानला मानतात. मी प्रत्येक खाचेला गुण्या लावून पाहिला. कोन बरोब्बर काटकोनात, तळ सपाट, कोपऱ्यात भुसा राहिलेला नाही. दांडी आणि खाच यांच्यात कागद जाईल एवढीच सैल. बनवणाऱ्याला काम येतं, हे इथंच कळतं.

लाकूड रबराच्या झाडाचं आहे. बल्लारशाच्या डेपोतला साग हाताळणाऱ्याला ते फिकं वाटेल, पण या किमतीत साग कोणी देणार नाही. ते पाणी मात्र धरतं. श्रावणात कोरी दांडी अशी फुगली की हलेना. कोणाकडे असं झालं तर रंधा किंवा पॉलिश पेपर अजिबात मारू नका. मेणबत्तीचं मेण चोळा आणि थोडे दिवस जाऊ द्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तीच दांडी आकसते, आणि एकदा तासलेली जागा परत भरून येत नाही.

आता पंधरा चौकोनांचा खेळ. माझी खरी तक्रार इथं आहे. सोळा घरांच्या चौकटीत १ ते १५ आकड्यांचे ठोकळे, एक घर रिकामं, सरकवत सरकवत क्रम लावायचा. अशा चौकटीच्या आतल्या कडेला खाच हवी आणि ठोकळ्यांना त्यात बसणारी जीभ हवी, म्हणजे ते फक्त सरकतील, वर निघणार नाहीत. इथं दोन्ही नाही. डबा कलंडला की ठोकळे बाहेर, आणि पोट्टे ते हाताला येतील तसे परत भरतात. वरवर यात काही बिघडलं असं वाटत नाही. पण अशा मनमानी मांडणीत निम्म्या वेळा कोडं सुटूच शकत नाही! शेवटी १४ आणि १५ अदलाबदल होऊन बसतात आणि पोरगं रडकुंडीला येतं.

का सुटत नाही तेही सांगतो, कारण पुस्तिकेत याचा एक शब्द नाही. सोळा घरं बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी रंगवली असं समजा. प्रत्येक सरकवण्यात रिकामं घर आणि एक ठोकळा जागा बदलतात, आणि रिकामं घर काळ्यावरून पांढऱ्यावर किंवा पांढऱ्यावरून काळ्यावर जातं. ते आपल्या कोपऱ्यात परत यायचं तर चाली सम संख्येतच होणार. म्हणजे अदलाबदलीही सम. फक्त १४ आणि १५ बदलणं ही अदलाबदल एकच, विषम. जन्मभर सरकवा, जमणार नाही. अमेरिकेत १८८० च्या सुमारास या खेळाचं वेड लागलं होतं, आणि हे होणं नाही याची सिद्धता १८७९ मध्येच छापून आली होती. माझ्या लेकीला मी हे खडूनं फरशीवर काढून दाखवलं, तेव्हापासून ठोकळे सांडले की ती आधी १ ते १५ ओळीनं लावते आणि मग सरकवून विस्कटते. तुम्हीही मुलांना हेच सांगा.

टँग्रम म्हणजे तुकडे जुळवून आकृत्या करायचा खेळ. त्याचे सात तुकडे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे आहेत. पाच त्रिकोण, एक चौरस, एक तिरपा चौकोन. लेझरनं कापल्यामुळे कडा तपकिरी, पण माप चोख. ओल्या हातानं धरू देऊ नका, एमडीएफ फुगतं. याहून मोठी चूक रंगाची आहे. रंग एकाच बाजूला दिलाय. सातांपैकी फक्त तिरपा चौकोन असा आहे की उलटा केल्यावर त्याची दिशा बदलते, आणि बऱ्याच आकृत्या त्याला पालथं घातल्याशिवाय होतच नाहीत. मुलं मात्र बिनरंगाची बाजू वर करत नाहीत. "बाबा, हा तुकडा काहून बसत नाही?" हा प्रश्न आमच्या घरी तिथंच आला. मी दोन्ही बाजू रंगवून दिल्या. आता गाइडातली 'आकृती पूर्ण करा' समोर आली की ती आधी कोपरे बघते, मग पर्याय.

चकत्यांचा मनोरा छान जमलाय. आठ चकत्या, तीन खुंट्या, सगळा मनोरा एका खुंटीवरून दुसरीवर न्यायचा, एका वेळी एकच चकती हलवायची आणि मोठी कधी लहानीवर ठेवायची नाही. तीन चकत्यांना ७ चाली, चारांना १५, पाचांना ३१, आठांना कमीत कमी २५५. लहानग्यांना तीनच द्या. पुस्तिकेत हा खेळ काशीच्या देवळातला, हजारो वर्षांचा म्हणून सांगितलाय, ते बरोबर नाही. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितीनं तो १८८३ मध्ये आणला, आणि ६४ चकत्यांच्या देवळाची गोष्ट त्याच्यासोबत पसरली. सेकंदाला एक चाल धरली तर ६४ चकत्यांना सुमारे ५८,५०० कोटी वर्षं लागतील, हा हिशेब मात्र खरा. गोष्ट गोष्ट म्हणून सांगितली असती तरी मुलांना तेवढीच आवडली असती.

३३ भोकांचा गोट्यांचा फळा ठीक.

पुस्तिकेत कोड्याखालीच उत्तर छापलंय, त्यावर मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. कोडी मात्र निवडक आहेत. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांचं ६१७४ त्यात आहे. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा, उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथंच पोचतो. नदी, नाव आणि वाघ-बकरी-गवताचं कोडंही आहे. युरोपात ते लांडगा, बकरी आणि कोबी घेऊन हजार वर्षांहून जुन्या लॅटिन संग्रहात सापडतं. माझ्या मायला लिहिता-वाचता येत नाही. नातीनं कोडं वाचायला घेतलं तसं ती चुलीजवळूनच म्हणाली, "बकरीले वापस आन ना, तेच तर गोम हाय." त्या दिवसापासून संध्याकाळी कुलपाच्या दांड्या मायच्याच हातात असतात, आणि नात बाजूला बसून बघते.

डबा घ्या, कुलूप आणि मनोऱ्यासाठीच पैसे वसूल आहेत. बनवणाऱ्यांना मी चौकटीची खाच आणि ठोकळ्याची जीभ असा एक नमुना करून पाठवलाय, सोबत मापाचा कागद. त्यांनी तसं केलं तर जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेसाठी आणखी एक डबा मी माझ्या पैशानं घेणार.