वाकलेला लोडर आर्म सरळ करून हंगामभर वापरला, त्याचा अनुभव

आधी निकाल सांगतो: आर्म टिकला. कुरकुर आहे ती खालच्या डाव्या बुशची (पिन ज्यात फिरते ती नळी), आणि तिचा आर्म सरळ करण्याशी फारसा संबंध नाही.

ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरचा डावा आर्म, म्हणजे बकेट उचलणाऱ्या दोन हातांपैकी एक, वाकला होता. मातीत दडलेल्या बुंध्याला बकेटचा एकच कोपरा अडकला आणि ट्रॅक्टरचा सगळा रेटा त्या कोपऱ्यावर आला. लोडरची रचना दोन्ही आर्मवर भार साधारण सारखा येईल या हिशेबाने केलेली असते. एका कोपऱ्यावर जोर आला की त्या बाजूच्या आर्मला बाक येतो आणि दोघांना जोडणारा आडवा पाइप पिळला जातो. बाक लांबूनही दिसतो. पीळ दिसत नाही आणि काढायलाही जास्त छळतो.

म्हणूनच हातोडा उचलण्याआधी घेतलेली मापं मला या कामातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतात. आधी टायरमधली हवा सारखी केली. हसू नका, एका टायरची हवा कमी असली तरी बकेट तिरकी दिसते आणि धडधाकट आर्मलाच गॅसच्या ज्योतीने तापवलं जातं! मग सपाट काँक्रीटवर बकेट टेकवली. एक टोक टेकलं, दुसऱ्याखाली 22 मिमी फट. आर्म उतरवल्यावर पिनांच्या भोकांमधले कर्ण मोजले, कडेने दोरी ताणून बाक नेमका कुठे सुरू होतो तिथे खडूने खूण केली. आडव्या पाइपच्या वेल्डवरचा रंग खरवडून डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक तड्यात शिरणारा रंगीत द्रव, मारलं. लाल द्रव पुसून वर पांढरा डेव्हलपर फवारला, तसा वेल्डच्या कडेला हळूहळू केसाएवढा लाल धागा उमटला. तडा होता, नुसत्या डोळ्याला दिसला नसता. नुसता बाक काढून रंग मारला असता तर पुढच्या कामात तो वाढतच गेला असता. त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, तडा ग्राइंडरने पूर्ण खोदून काढून मगच वेल्ड भरला.

आर्म जाड बीमवर साखळीने आवळून जॅकने दाबला. जॅक सोडला की लोखंड थोडं मागे येतंच, त्यामुळे सरळ रेषेच्या किंचित पुढे न्यावं लागतं. बराचसा बाक थंड लोखंडावरच निघाला. उरलेल्यासाठी फुगीर बाजूला रुंद तोंड येईल असा व्ही आकाराचा पट्टा तापवला. जॅकचा दाब असताना तापलेल्या भागाला लांबायला जागा मिळत नाही, तो जागीच जाड होतो आणि निवताना आखडून बाक ओढून घेतो. साध्या स्टीलला यासाठी 650 अंश सेल्सिअसच्या आतली उष्णता पुरते, म्हणजे सावलीत जेमतेम जाणवणारा मंद लाल रंग. खात्रीसाठी तापमान दाखवणारा खडू वापरला. लवकर निवावं म्हणून पाणी मारू दिलं नाही. आर्म कडक केलेल्या जास्त ताकदीच्या स्टीलचा असेल तर मात्र गॅस लावू नका, ताकद जाते.

आतल्या बाजूला पत्र्याला पडलेली सुरकुती पूर्ण गेली नाही. तिच्यावर दोन्ही अंगांना पट्ट्या मारल्या, पण चौकोनी नव्हे, टोकं निमुळती केलेल्या. चौकोनी पट्टीचा आडवा वेल्ड जिथे संपतो तिथेच सगळा ताण साठतो आणि पुढचा तडा तिथूनच निघतो. लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉड (7018 नावाचे) कोरडे ठेवून वापरले. वेल्डिंगच्या वेळी सिलिंडर काढून ठेवले होते. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी शेजारी लावा, करंट पिनांतून किंवा सिलिंडरमधून जाता कामा नये. जोडल्यावर बकेटखालची फट 4 मिमीवर आली. तिथेच थांबलो, एवढ्याने काही अडत नाही.

डाव्या टिल्ट सिलिंडरचा, म्हणजे बकेट वरखाली कलवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचा, रॉडही किंचित वाकला होता. सरळ करून देतो म्हणणारे भेटले. पण सरळ करताना क्रोमला बारीक भेगा पडल्या तर सील लवकर फाटतं, म्हणून नवीन रॉड बसवला. हा खर्च अजिबात खुपला नाही, आजही तिथे तेलाचा थेंब नाही.

आता वापराबद्दल. माती, खडी, ओलं शेणखत, सगळं उचललं. दर वेळी ग्रीस मारताना पट्ट्यांच्या टोकांवर बोट फिरवतो. रंगातून तांबूस गंजाची रेघ डोकावली तर ती तड्याची पहिली खूण असते. अजून एकही दिसलेली नाही. ताणलेल्या दोरीलाही आर्म जिथे होता तिथेच आहे. तापवलेल्या जागेचा रंग मात्र पापुद्र्यांनी सुटला, पुन्हा मारावा लागला. बकेटची कड एका बाजूला थोडी फुगलेली राहू दिली होती, त्यामुळे जमीन सपाट करताना एक बारीक वरंबा मागे राहतो. मला चालतो.

तक्रार बुशची. वर्कशॉपला म्हटलं होतं की आर्म सरळ झाल्यावर दोन्ही भोकं एका रेषेत बोअर करा, म्हणजे मशीनवर आतून कोरून घ्या. त्यांनी नुसते नवीन बुश ठोकून दिले. पिन घणाने बसवावी लागली तेव्हाच शंका आली होती. आता तो बुश अंडाकार झिजलाय, ग्रीस खातो आणि बकेट उचलताना करकरतो.

पॅलेट फोर्क, म्हणजे बकेटच्या जागी लावायचे लांब काटे, मी या आर्मवर वापरतो, पण पूर्ण क्षमतेचा भार घेत नाही, कारण फोर्कमध्ये वजन पुढे लांब जातं. फोर्कच वाकला असेल तर त्याला गॅस किंवा वेल्डिंग लावूच नका, सरळ बदला. झिजलेल्याचंही तेच. टाचेजवळची (काटा जिथे काटकोनात वळतो तिथली) जाडी 10 टक्के कमी झाली की ताकद सुमारे 20 टक्के उतरते, कारण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो.

बाक एकाच जागी, पीळ थोडा आणि पिनांची भोकं शाबूत असतील तर दुरुस्ती करा. दोन ठिकाणी बाक असेल किंवा ट्रॅक्टरला धरणारी चौकटच सरकली असेल तर नवीन आर्म बघा. मी आता बोअरिंगसाठी दुसरीकडे आर्म देणार आहे, पैसे मापं तपासल्यावरच.