फॉरमॅट न मारता आयडीईचं एएचसीआय केलं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मंगळवारी सकाळी पीसी सुरू केला आणि निळा पडदा. 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. संध्याकाळपर्यंत दोन लग्नपत्रिकांची प्रुफं द्यायची होती. दुकानात फोन लावला, तर गेल्या जूनमध्ये मिळालं होतं तेच उत्तर: "फॉरमॅट मारावा लागेल." या वाक्याचा मला मनापासून राग आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

पीसी २०१२ चा, एच६१ बोर्ड. विंडोज १० टाकलं तेव्हा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी बोर्डाची सेटिंग) साटा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, जुना आयडीई होता; नवा तो एएचसीआय. पुढे एसएसडी (वेगवान डिस्क) घेतली, जुनी डिस्क तिच्यावर जशीच्या तशी क्लोन केली, मोड तोच राहिला. एसएसडी असूनही कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी फाइल अडखळायची. थेट बायोसमध्ये मोड एएचसीआय केला की विंडोज उठत नाही, कारण बूट होताना लागणारा डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हरच ते लोड करतं आणि बाकीचे बाजूला ठेवतं. गेल्या जूनमध्ये दुकानदाराने त्यावर फॉरमॅट आणि आठशे रुपये सांगितले. पैशांचं सोडा. पंधरा वर्षांत जमवलेले श्रीलिपीचे फॉन्ट, कीबोर्डची सेटिंग, पेजमेकर, प्रिंटरची कलर प्रोफाइल हे सगळं परत बसवायला दोन दिवस जातात. लग्नसराईत ते दोन दिवस मला कोण भरून देणार?

शेवटी बॅकअप घेऊन स्वतःच केलं. विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारं एमएसकॉन्फिग उघडून 'बूट'मध्ये 'सेफ बूट'वर टिक केली. रीस्टार्ट होतानाच डिलीट दाबत बायोसमध्ये शिरलो, साटा मोड एएचसीआय केला, एफ१० दाबून सेव्ह केलं. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं आणि योग्य ड्रायव्हर त्याने आपणहून उचलला. टिक काढली, परत रीस्टार्ट. चहा गार व्हायच्या आत काम संपलं.

पहिल्या आठवड्यात मी भेटेल त्याला सांगत होतो की पीसी नवा झाला. आज तसं म्हणणार नाही. सलग कॉपीचा वेग सेकंदाला २५५ वरून २६८ एमबीपर्यंतच गेला. एच६१ चे पोर्ट ३ गिगाबिटचे, त्यापुढे जाणार कुठे? विंडोज सुरू व्हायला तीनेक सेकंद कमी लागतात, बस्स. खरा फरक छोट्या छोट्या फायलींच्या गर्दीत आहे. आयडीईत ड्राइव्हला एका वेळी एकच काम सांगता येतं, एएचसीआयत ३२ कामं रांगेत लावता येतात. माझ्या चाचणीत छोट्या फायलींचा वेग २४ वरून १४० एमबीच्या वर गेला. मागे अँटिव्हायरस स्कॅन चालू असताना पीडीएफ काढली तरी माउस अडकत नाही, हे मला रोज जाणवतं.

मग मंगळवारी काय झालं? बायोस उघडलं, तर तारीख १ जानेवारी २०१२ आणि साटा मोड परत आयडीई. बायोसची सेटिंग आणि घड्याळ जपणारा बोर्डावरचा सेल संपला होता! सेटिंग मूळ पदावर गेली, आणि इतके महिने न वापरलेला आयडीईचा ड्रायव्हर विंडोजने बंद करून ठेवलेला. मोड एएचसीआय केला, तारीख नीट केली, पीसी उठला. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून चाळीस रुपयांचा सीआर २०३२ आणला. जुना काढून मीटरवर धरला तर २.४ व्होल्ट, नवा ३ च्या वर. चाळीस रुपयांच्या दुखण्याला फॉरमॅट सांगणाऱ्याने आधी तारीख तरी पाहायला हवी होती.

नव्या लॅपटॉपवाल्यांनी एक करा: बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नाहीतर बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ती की मागू शकतं, आणि नसेल तर डेटा खरोखरच गेला.

माझी आणखी एक सवय बदलली. वीज वाचवायची म्हणून मी रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचो. बटण चालू असेल तर बोर्डाचं घड्याळ पॉवर सप्लायवर चालतं, बंद केलं की सगळा भार सेलवर. आता रात्री मॉनिटर आणि प्रिंटरचं बटण बंद करतो, सीपीयूचं चालू ठेवतो, आणि नवा सेल बसवल्याची तारीख कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.