फूड फॉरेस्टसाठी माती-तपासणी सेवा: पाचपैकी चार तारे

शहरातल्या पडीक जागेवर फूड फॉरेस्ट, म्हणजे फळझाडं, झुडपं आणि भाज्या एकत्र वाढवलेली खाण्याजोगी बाग, उभं करायला निघालेल्या गटांसाठी हे लिहितेय. रोपं, कुंपण, पाण्याची टाकी या सगळ्याआधी पैसे कशावर खर्च करावेत असं कुणी विचारलं, तर मी माती-तपासणीवर असंच सांगेन. आम्ही ज्या प्रयोगशाळेकडून ती करून घेतली तिचं नाव देत नाही, तुमच्या जवळची वेगळीच असणार. पण सेवा कशी होती, काय मागून घ्यावं आणि कुठे अडून बसावं, ते सविस्तर सांगते.

माझी सगळी नोकरी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये झाली. नमुनाच चुकीचा घेतला तर यंत्र कितीही महागडं असो, उत्तर चुकीचंच येणार, हे माझ्या हाडीमाशी भिनलंय. म्हणून गटाने हे काम माझ्यावर सोपवलं.

आमची जागा म्हणजे पाडलेल्या जुन्या इमारतीचा रिकामा भूखंड. एका बाजूला रहदारीचा रस्ता, मागच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं कचरा जाळल्याच्या खुणा, आणि सगळीकडे राडारोडा. वर गवत असं हिरवंगार की बघणाऱ्याला वाटावं, जमीन उत्तम आहे. पण गवताला शिशासारख्या विषारी धातूचं फारसं वावडं नसतं. शहरातल्या मातीत शिसं येतं ते मुख्यतः दोन वाटांनी: जुन्या रंगाच्या पापुद्र्यांतून आणि शिसंयुक्त पेट्रोलच्या धुरातून. गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये बंद झालं. म्हणजे आता हवेत नवं शिसं त्या वाटेने येत नाही, पण आधी पडलेलं कुठे जात नाही. ते कुजत नाही, विरघळून फार खोलही उतरत नाही, वरच्या थरातच बसून राहतं. आणि मुलांचे हात त्याच थरात असतात.

आता सेवेकडे वळते. आधी त्यांनी पिशव्या, फॉर्म आणि नमुना कसा घ्यायचा याचं एक पान पाठवलं. पान चांगलं होतं. अख्ख्या भूखंडाची माती एकत्र कालवून एकच नमुना पाठवू नका, हे त्यात ठळक अक्षरांत होतं, आणि तिथेच माझा विश्वास बसला. असा एकत्र नमुना सरासरी सांगतो आणि वाईट कोपरा लपवतो. जागेच्या इतिहासाप्रमाणे पट्टे पाडायचे, एका पट्ट्यातल्या आठ-दहा ठिकाणची वरची पंधरा सेंटिमीटर माती घेऊन ती मिसळायची आणि त्या पट्ट्याचा एक नमुना करायचा. आम्ही चार पट्टे केले: रस्त्याकडेचा, जुन्या भिंतीच्या पायाचा, मधला आणि जळक्या कोपऱ्याचा. इमारत कुठपर्यंत होती हे शेजारच्या एका आजोबांनी काठीने रेघ ओढून दाखवलं. ही माहिती कुठल्याच नकाशात नव्हती. तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असतं, त्यांना आधी गाठा.

मग त्यांचा एक मुलगा हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र, म्हणजे क्ष-किरणांनी मातीतले धातू मोजणारं, घेऊन आला. पिस्तुलासारखं दिसणारं हे यंत्र मातीवर टेकवलं की थोड्याच वेळात पडद्यावर आकडे येतात. "काकू, जरा बाजूला उभ्या राहा, यातून क्ष-किरण निघतात," म्हणाला आणि मुलांनाही लांब नेलं. त्याने आणखी एक गोष्ट न विचारता सांगितली, ती महत्त्वाची: माती ओली असली तर यंत्र शिसं कमी दाखवतं. म्हणून त्याने प्रत्येक ठिकाणची माती थोडी वाळवून, चाळून पुन्हा मोजली. या यंत्राचा खरा उपयोग वाईट जागा हुडकायला होतो. अंतिम आकडा मात्र आम्लात माती विरघळवून केलेल्या लॅबच्या चाचणीचाच धरायचा.

अहवाल आला तेव्हा मधला पट्टा किलोमागे चाळीस मिलिग्रॅम शिशाच्या आसपास होता, रस्त्याकडेचा एकशे चाळीस, आणि भिंतीच्या पायाचा सहाशेच्या वर. आमच्या मूळ आराखड्यात पालेभाज्यांचे वाफे नेमके त्या भिंतीच्या पट्ट्यात होते, कारण तिथे ऊन छान येतं.

इथे मी एक तारा कापला. अहवालात प्रत्येक आकड्यासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका होता, पण तो कुठल्या मर्यादेवरून दिला हे कुठेच छापलेलं नव्हतं. मर्यादा काही सगळीकडे एक नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने राहत्या जागेच्या मातीसाठीची शिशाची इशारा-पातळी जानेवारी २०२४ मध्ये ४०० वरून २०० वर आणली. ब्रिटनमध्ये लोक भाजी पिकवायला जे छोटे तुकडे घेतात, त्यांच्यासाठी २०१४ पासून ८० हा आकडा वापरला जातो. आता सांगा, आमच्या रस्त्याकडेच्या १४० ला कुठला ठिपका द्यायचा? रक्ताच्या अहवालात आकड्याशेजारी संदर्भमर्यादा नसेल तर डॉक्टर तो परत पाठवतात. मीही परत पाठवला, आणि त्यांनी तक्ता जोडून नवा दिला. हे त्यांनी आपणहून करायला हवं.

दुसरी उणीव: जळक्या कोपऱ्यासाठी नेहमीच्या पॅकेजमध्ये फक्त धातू होते. कचरा, टायर, लाकूड जळलेल्या जागी पॉलिअॅरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे अर्धवट जळण्यातून तयार होणारी घातक रसायनं, असू शकतात आणि धातूंच्या चाचणीत ती दिसत नाहीत. त्यांची चाचणी वेगळी मागावी लागते. फॉर्मवर जागेचा इतिहास लिहायला रकाना होता, आम्ही भरलाही होता. तो वाचून त्यांनीच फोन करायला पाहिजे होता.

पण सल्ल्याचा फोन मात्र अप्रतिम. त्यांच्या मृदाशास्त्रज्ञ ताईंनी आम्ही सगळे स्पीकरभोवती बसलेले असताना एकेका पट्ट्यावर वेळ दिला. शिसं फळात फारच कमी चढतं, पालेभाजीवर ते मुख्यतः धूळ म्हणून बसतं, आणि गाजर-मुळ्यासारख्या कंदांत सगळ्यात जास्त सापडतं, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की आमचा आराखडा त्याच बैठकीत बदलला. फळझाडं मधल्या आणि रस्त्याकडेच्या पट्ट्यात, रस्त्याच्या कडेला धूळ अडवायला दाट कुंपणझुडपं, पालेभाज्या बाहेरून आणलेल्या तपासलेल्या मातीच्या उंच वाफ्यांत. भिंतीचा पट्टा खाण्यासाठी नाहीच. तिथे जाड कापड, वर लाकडाच्या ढलप्यांचा थर आणि फुलझुडपं. सगळ्या वाटांवरही ढलप्या, म्हणजे धूळ उडत नाही आणि पावसात माती पानांवर शिंतडत नाही. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा) सातच्या जवळ ठेवा, कंपोस्ट भरपूर घाला, हेही सांगितलं.

एकाने विचारलं, फॉस्फेट टाकलं की शिसं बांधलं जातं असं वाचलंय, तर सगळीकडेच टाकू का? ताईंनी लगेच थांबवलं. फॉस्फेट शिशाला धरून ठेवतं हे खरं, पण त्याच मातीत आर्सेनिक असेल तर ते मोकळं होतं. जुन्या फळबागांच्या जमिनीत हे दोन्ही एकत्र सापडू शकतात, कारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सफरचंदांवर लेड आर्सेनेट हे शिसं आणि आर्सेनिक असलेलं कीटकनाशक फवारत असत. असं अडवणारा माणूस लॅबमध्ये असणं, यालाच मी चांगली सेवा म्हणते.

आमच्याच गटातल्या काहींना हा सगळा खटाटोप जास्त वाटला होता. घरची बाग असती तर मीही कदाचित इतकी हट्टाला पेटले नसते. पण फूड फॉरेस्टची गंमत आणि जबाबदारी एकाच गोष्टीत आहे: तिथून कोण तोडून नेईल हे आपल्याला माहीत नसतं. सिअॅटलच्या बीकन फूड फॉरेस्टमध्ये कुणीही येऊन तोडू शकतं. ती जमीन शहराचं पाणी, सांडपाणी आणि कचरा पाहणाऱ्या खात्याची, आणि बाग स्वयंसेवकांनी उभी केलेली, २०१२ मध्ये काम सुरू झालेली. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात २००८ पासून लोक रस्त्याकडेला, सार्वजनिक जागांत खाण्याची झाडं लावतात आणि कुणीही घ्यावं म्हणून सांगतात. मला हा विचार मनापासून आवडतो. पण ज्या अनोळखी बाईने जाता जाता मूठभर पानं खुडली, तिने आपल्याला एकही प्रश्न न विचारता विश्वास ठेवलेला असतो. तिच्या वतीने प्रश्न आपणच विचारायचे. म्हणून आम्ही अख्खा अहवाल, भिंतीच्या पट्ट्याच्या आकड्यासकट, फाटकावरच्या फळ्यावर लावला. काही जण घाबरतील, येणार नाहीत, अशी शंका होती. झालं उलटंच, लोक फळ्यासमोर थांबून वाचतात आणि मग आत येऊन विचारतात की कुठल्या वाफ्यातलं न्यावं.

एक सल्ला जो लॅबने दिला नाही, मी देते: विकत आणलेलं कंपोस्ट आणि माती यांचाही नमुना पाठवा. "शुद्ध सेंद्रिय" असं पोत्यावर लिहिलेलं असलं तरी. आणि जुनी रेल्वेची लाकडं फुकट मिळतात म्हणून वाफ्यांच्या कडेला लावू नका, त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरलेलं विषारी डांबरी तेल, मुरवलेलं असतं. झाडं लावायच्या आधी हात धुवायचा नळ बसवा.

नमुन्यागणिक पैसे लागतात, त्यामुळे चार पट्टे म्हणजे चौपट खर्च. लहान गटाला तो जड जातो, आम्हालाही गेला. काटकसर करायचीच तर नुसत्या अंदाजाने तपासण्या गाळू नका. आधी यंत्राने सगळा भूखंड फिरून घ्या आणि ज्या पट्ट्यांत खाण्याचं काही लावायचं आहे तेवढ्यांचीच पूर्ण चाचणी करा.

याच लॅबकडे पुन्हा जाणार का? हो. पुढच्या हंगामात आम्ही वाफ्यांतल्या पानांचेही नमुने देणार आहोत, धुतलेले आणि न धुतलेले वेगवेगळ्या पिशव्यांत, म्हणजे किती शिसं धुळीतून आलं आणि किती झाडाने ओढलं ते वेगळं कळेल. ही चाचणी त्यांच्या दरपत्रकात छापलेली नाही. फोनवर विचारलं की करून देतात.