गाणं-तबला घरी रेकॉर्ड करायचाय? दोन यूएसबी माइक की इंटरफेस

यूएसबी माइक थेट लॅपटॉपला लागतो, आणि इंटरफेस म्हणजे साधे माइक लॅपटॉपला जोडणारी छोटी पेटी. दोन्ही वापरून झालंय म्हणून सांगतो, ठरवायचं तुम्हीच.

एकट्याचं काम असेल, म्हणजे ऑनलाइन शिकवणी, पॉडकास्ट, नुसता रियाज, तर यूएसबी माइक झकास, उगाच जास्त खर्च करू नका. फक्त विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन एन्हान्समेंट बंद करा आणि मीटिंगच्या अ‍ॅपमधलं नॉइज सप्रेशनपण (मागचा गोंगाट आपोआप पुसणारी सोय), कारण तानपुरा सलग एकसारखा वाजतो आणि सॉफ्टवेअरला तो पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो, मग गाणं राहतं आणि तानपुराच पुसला जातो.

गडबड दुसऱ्या माइकपासून सुरू होते. आमच्या घरी आत्याचा तिलवाडा तालातला बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, रेकॉर्ड केला, अर्धा तास. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एका वेळी एकच इनपुट डिव्हाइस घेतं, म्हणून तबल्याचा माइक भाच्याच्या लॅपटॉपला लावला, सुरुवातीला एक टाळी वाजवून घेतली आणि नंतर त्या टाळीवर दोन्ही ट्रॅक जुळवले. पहिली दहा मिनिटं सुरेख. पुढे पुढे काहीतरी खटकायला लागलं, आणि शेवटी तर आत्या हेडफोन काढून म्हणाली, "अरे, मी समेवर आलेच होते, हा धा मागे कसा राहिला?" सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, धा हा तिथला तबल्याचा बोल. गाताना दोघंही चोख होते हो! प्रत्येक यूएसबी माइकचं आतलं घड्याळ, ज्याच्या वेगाने तो आवाज नोंदवतो, ते वेगळं, दोघांत दहा लाखाला 50 एवढाच फरक धरला तरी अर्ध्या तासात 90 मिलिसेकंद होतात. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, सम म्हणजे सगळं काही, तिथे हे कसं चालेल? ट्रॅक ताणून, कापून बघितलं, दोन रात्री गेल्या, मन लागेना.

इंटरफेसमध्ये दोन्ही माइक एकाच घड्याळावर चालतात, विषय संपला. शिवाय डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये, असेल तर स्वतःचा आवाज उशिरा कानात येत नाही. घेताना एवढं बघा की माइकचे प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे भाग) दोन आहेत. बेरिंजरच्या यूएमसी 22 ला आणि स्कारलेट सोलोला माइकसाठी एकच असतो, यूएमसी 202 एचडी आणि स्कारलेट 2आय2 ला दोन.

कटकट यातही आहे, नाही असं नाही. वायरी वाढतात, कंडेन्सर माइकला (ज्याला इंटरफेसकडून वीज लागते) 48 व्होल्टचं बटण दाबायला विसरलं की शांतता, आणि जुन्या वाड्यात अर्थिंग धड नसेल तर हम, म्हणजे विजेची घूं, येते, मी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करतो. उन्हाळ्यात पंखा बंद करवत नाही, तेव्हा गळ्यासाठी डायनॅमिक माइक (आजूबाजूचा आवाज कमी टिपणारा) जवळ धरलेला मला जास्त बरा वाटला, तुमच्या खोलीत कदाचित वेगळं असेल.

आत्याने तो ख्याल परत गायला. एक यूएसबी माइक भाच्याला देऊन टाकला, त्याचे क्लास त्यावर छान चालतात.