तुर्भ्याचा आबनूस: काळ्या रंगाचा भाव आणि लाकडाचा गुण

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात साग, पाइन आणि प्लाय हवा तेवढा मिळतो. आबनूस, म्हणजे काळ्या गाभ्याचे एबनी लाकूड, मात्र वीत-दीड वीत लांबीच्या तुकड्यांत किरकोळीने देणारी दुकाने फारच थोडी आहेत. तुर्भे एमआयडीसीतल्या एका गोदामवजा दुकानात तो मिळतो. दुकानाचा मुख्य धंदा आयात केलेल्या सागाचा. आबनुसाचे आणि शिसवी लाकडाचे तुकडे मागच्या रॅकवर वजनाने विकायला ठेवलेले असतात. तंबोऱ्याची घोडी आणि स्वयंपाकघरातल्या एका चाकूची मूठ, या दोन कामांसाठी मी तिथून माल घेतला. पुढचे मत त्या मालाविषयी आहे, तसेच विकताना दुकान काय सांगते आणि काय सांगत नाही याविषयीही.

आधी विक्रीची पद्धत. रॅकवर दोन ढीग आहेत: एकावर ‘फुल ब्लॅक’ अशी खडूची खूण, दुसऱ्यावर ‘लाइनवाला’. पहिल्याचा भाव दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. यात फरक काय, असे विचारल्यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी ‘साहेब, काळा तो असली’ एवढेच उत्तर दिले, आणि माझी मुख्य तक्रार याच उत्तराबद्दल आहे. करड्या किंवा तपकिरी रेषा असलेला आबनूस हा नकली नसतो, आणि केवळ रेषा आहेत म्हणून तो कच्चाही ठरत नाही. आबनुसाच्या झाडाचे बाहेरचे लाकूड फिकट असते. काळा असतो तो फक्त गाभा, आणि तो गाभा किती काळा निघेल हे झाड पाडल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतल्या टेलर गिटार्स या कंपनीने 2011 मध्ये कॅमेरूनमधली आबनुसाची गिरणी भागीदारीत विकत घेतली, तेव्हा पाडलेल्या झाडाचा गाभा पुरेसा काळा निघाला नाही तर ते खोड जंगलातच सोडून दिले जाते, ही गोष्ट तिचे सहसंस्थापक बॉब टेलर यांनी जाहीरपणे मांडली आणि पुढे रेषा असलेला आबनूसही गिटारींना वापरायला सुरुवात केली. तुर्भ्यात दुप्पट पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढे तरी माहीत असायला हवे.

मी दोन्ही ढिगांतले तुकडे घेतले. हाताला जाणवते ते प्रथम वजन. आफ्रिकेतल्या गॅबन आबनुसाचे वजन घनमीटरला सुमारे 955 किलो भरते, सागाचे साधारण 650. इंडोनेशियातला मकासर आबनूस तर 1100 च्या पुढे जातो. म्हणून ‘पाण्यात बुडला तर खरा’ ही बाजारातली कसोटी अर्धवटच आहे. मकासर बुडेल, पण चांगला वाळलेला गॅबन आबनूस जेमतेम तरंगू शकतो. कठीणपणा मोजण्यासाठी 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते पाहतात. या कसोटीत गॅबन आबनूस सागाच्या जवळजवळ तिप्पट कठीण ठरतो. आपल्याकडच्या शिसवी लाकडापेक्षाही तो सरस आहे. जाता जाता सांगायचे तर विदर्भातली टेंभुर्णी, जिच्या पानांच्या विड्या होतात, ती आबनुसाच्याच डायोस्पायरॉस वंशातली आहे आणि तिचाही गाभा काळा असतो.

कठीणपणाचा अर्थ करवतीखाली लगेच कळतो. दुकानातल्या बँडसॉवर त्यांनी तुकडा चिरून दिला तेव्हा पाते मधेच करपल्यासारखा वास देऊ लागले आणि कारागिराने वेग कमी केला. घरी रंधा दर चार-पाच हातांनंतर पुन्हा घासावा लागला. जिथे लाकडाचे तंतू उलट फिरतात तिथे रंध्याने बारीक खपल्या निघतात, म्हणून शेवटचे काम मी कानस आणि खरवडणीनेच केले. स्क्रू घालायचा असेल तर आधी पूर्ण खोलीचे भोक पाडणे भाग आहे, नाहीतर लाकूड फुटते. लाकूड तेलकट असल्याने साधा पांढरा गोंद भरवशाचा नाही. जोडाच्या जागा ॲसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावले, तेव्हा मुठीच्या दोन्ही फळ्या पात्याला पक्क्या बसल्या. भुसा काळसर आणि अतिशय बारीक असतो, त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, त्यामुळे बंद खोलीत मास्कशिवाय हे काम करू नये.

इतक्या कटकटीचे फळ पॉलिशच्या वेळी मिळते. छिद्रे इतकी सूक्ष्म आहेत की भरणी करावी लागत नाही. 600 च्या पेपरनंतरच पृष्ठभागावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब स्पष्ट दिसू लागले, आणि त्यावर मेणाचा एक हात पुरला. लाख किंवा मेलामाइन चढवून ही झळाळी झाकणे मला पटत नाही.

घोडीचे काम जास्त कसाचे होते. तंबोऱ्याच्या तारा घोडीच्या किंचित गोलाई दिलेल्या पाठीवरून जातात, आणि तार त्या पाठीला जिथे अलगद घासते तिथे जवारीचा नाद उमटतो. मऊ लाकडात तारेची खाच लवकर पडते आणि नाद मिटतो. म्हणून पूर्वी सांबरशिंग वापरत, ज्याच्या व्यापाराला आता कायद्याने मनाई आहे, आणि उंटाचे हाड आजही वापरतात. आबनूस या दोहोंना लाकडातला पर्याय आहे. मी लाइनवाल्या तुकड्यातून ठोकळा काढला आणि जवारी ठाण्यातल्या एका जाणत्या कारागिराकडून करून घेतली. हाडाच्या घोडीपेक्षा नाद थोडा मऊ आला, टोक कमी. साथीच्या तंबोऱ्याला मला हाच बरा वाटतो. करड्या रेषेमुळे नादात कुठे उणेपणा आल्याचे कारागिरालाही जाणवले नाही.

दोष सांगायलाच हवा तो वाळवणीचा. आबनूस ओल्याचा सुका होताना घनफळात सुमारे 20 टक्के आकसतो, साग सुमारे 7 टक्के. घाईने वाळवला की टोकांना चिरा पडतात, म्हणून टोकांवर मेण थापलेले असते. दुकानातल्या ‘फुल ब्लॅक’ तुकड्याच्या मेणाखाली केसाएवढी चीर निघाली, आणि मूठ कापताना ती बोटभर आत गेलेली दिसली. तो तुकडा बदलून द्यायला दुकानाने नकार दिला. ‘कापलेला माल परत नाही’ अशी पाटी आहे, पण चीर मेणाखाली झाकलेली असताना ती पाटी पुढे करणे न्याय्य नाही. घेताना टोकावरचे मेण नखाने खरवडून, काप भिंगाखाली पाहावा. मी दुसऱ्या खेपेला तसे केले, आणि त्यांनी हरकत घेतली नाही.

बिलावर फक्त ‘एबनी’ लिहून येते, जात आणि देश नाही. हे चालण्यासारखे नाही. मादागास्करच्या आबनुसाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2013 पासून साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली, म्हणजे परवाना लागणाऱ्या यादीत, आला आहे, त्यामुळे माल कुठला हे आयातदाराच्या कागदावर असतेच. ते गिऱ्हाइकाला दाखवायला काय हरकत आहे? विचारल्यावर मालकांनी ‘कॅमेरूनचा आहे’ असे तोंडी सांगितले. रंगवलेले लाकूड आबनूस म्हणून खपवण्याचा प्रकार मात्र इथे आढळला नाही: दोन्ही तुकडे आडवे कापल्यावर काळा रंग आतपर्यंत होता.

छोट्या, घासल्या जाणाऱ्या, हातात राहणाऱ्या वस्तूंसाठी इथला लाइनवाला आबनूस बिनदिक्कत घ्यावा; ‘फुल ब्लॅक’ फक्त बुद्धिबळाच्या काळ्या सोंगट्यांसारख्या, रंगच महत्त्वाचा असलेल्या कामाला. बँडसॉ चालवणारा कारागीर सकाळीच असतो, तेव्हा तुकडा चिरून हवा असेल तर जेवणाच्या सुट्टीआधी जावे.